लिअरच्या घरातले नोकर

'किंग लिअर' शिकवायला घेतलं की मी पहिले काही तास ऑस्वाल्डवर घालवते. लिअरची थोरली मुलगी गॉनेरिल, तिचा हा कारभारी. निरोप पोचवायचे, पत्रं न्यायची, बाईसाहेबांची मर्जी बघून कुणाशी अदबीनं वागायचं आणि कुणाकडे काणाडोळा करायचा हे ओळखायचं, एवढंच त्याचं काम. समीक्षेच्या जाडजूड पुस्तकांत त्याच्या वाट्याला फार तर अर्धा परिच्छेद येतो. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी इंग्रजी साहित्य शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. या नाटकात शेक्सपिअरनं माणसं जोडीजोडीनं का उभी केली आहेत, हे मला राजाकडे बघून उलगडलं नाही. ते उलगडलं त्याच्या आणि त्याच्या मुलींच्या नोकरांकडे बघून. म्हणून वर्गालाही मी त्याच वाटेनं नेते.

प्रश्नपत्रिकेत 'फॉइल' हा शब्द हमखास असतो. एका पात्राचा स्वभाव उठून दिसावा म्हणून लेखकानं त्याच्याजवळ उभं केलेलं दुसरं पात्र, ही व्याख्या मुलांना पाठ असते. शाळेपासून 'फरक स्पष्ट करा' हा प्रश्न सोडवत आलेली ही मुलं. पानाच्या मधोमध पट्टीनं रेघ मारायची, डावीकडे केंट, उजवीकडे ऑस्वाल्ड. केंट निष्ठावंत, ऑस्वाल्ड लबाड. केंट शूर, ऑस्वाल्ड भित्रा. केंट स्पष्टवक्ता, ऑस्वाल्ड तोंडपुजा. गाइडातही असंच छापलेलं असतं आणि त्याला गुणही मिळतात. पण या रकान्यांखाली जे झाकलं जातं त्याची मला फार चुटपुट लागते. ज्यांच्यात सगळंच वेगळं अशी दोन माणसं शेजारी उभी केली, तर कुणाचंच काही उजळत नाही. आधी पुष्कळसं सारखं असावं लागतं. तेच काम, तोच पेच, तोच बाप. मग उरलेला एखादाच फरक डोळ्यांत भरतो. शेक्सपिअर आधी हा सारखेपणा रचतो, आणि तो रचताना फार काळजी घेतो.

नाटक उघडतं ते बोलणंच बघा. केंट आणि ग्लॉस्टर हे दोन सरदार दरबार भरायच्या आधी बोलत उभे आहेत. विषय काय, तर राजाचा जीव कोणत्या जावयावर जास्त, ऑल्बनीवर की कॉर्नवॉलवर? केंटचा अंदाज ऑल्बनीकडे. ग्लॉस्टर म्हणतो, वाटायचंही तसंच, पण आता वाटण्या इतक्या तोलून केल्या आहेत की काही सांगता येत नाही. एवढ्या भयंकर नाटकाची सुरुवात दोन जावयांच्या तुलनेनं होते, आणि निर्णय असा की दोघांत डावंउजवं करता येत नाही. पहिल्या प्रवेशापुरतं ते खरंच आहे. दोघंही सासऱ्यासमोर अदबीनं उभे, दोघांच्याही पदरात अर्धं अर्धं राज्य पडलेलं, दोघांच्याही बायका बोलण्यात पटाईत. तिसऱ्या अंकात यांतला एक आपल्याच यजमानाला खुर्चीला बांधून त्याचे डोळे काढतो. चौथ्या अंकात दुसरा ती बातमी ऐकतो आणि त्या डोळ्यांचा सूड घेण्याची शपथ वाहतो. पहिल्या ओळींत तराजूची पारडी समान होती, ती अशी वरखाली झाली. मुलांना हा सुरुवातीचा संवाद कंटाळवाणा वाटतो; कधी एकदा मुलींच्या भाषणांवर येतो असं त्यांना होतं. मी तो मोठ्यानं वाचून घेते, पुन्हा पुन्हा.

आता ऑस्वाल्ड आणि केंट. केंट मुळात सरदार. लिअरच्या धाकट्या मुलीवर, कॉर्डेलियावर, अन्याय होतोय असं राजाच्या तोंडावर सांगितलं म्हणून त्याला देशोधडीला लावलं जातं. तो रूप बदलून, बोलणं बदलून परत येतो आणि त्याच राजाकडे चाकरी मागतो. म्हणजे आता ऑस्वाल्डसारखाच तोही नोकर. दुसऱ्या अंकात तर दोघांना एकच काम आहे. केंट लिअरचं पत्र घेऊन त्याच्या मधल्या मुलीकडे, रीगनकडे निघालाय, ऑस्वाल्ड गॉनेरिलचं पत्र घेऊन तिच्याकडेच. केंट गुडघे टेकून पत्र देतोय तोवर ऑस्वाल्ड घामाघूम होऊन धापा टाकत येतो, आणि मागून आलेल्याचं पत्र आधी वाचलं जातं. एकच दार, एकच वेळ, दोघांच्या हातात दोन लखोटे.

आणि निष्ठेचं म्हणाल, तर ऑस्वाल्ड त्यात केंटच्या तसूभरही मागे नाही. गॉनेरिलनं सांगितलं की बाबांकडे लक्ष देऊ नका, तर तो देत नाही. मी कोण आहे असं लिअर त्याला दरडावून विचारतो, तेव्हा तो म्हणतो की आमच्या बाईसाहेबांचे वडील. हे उत्तर जिव्हारी लागणारं आहे खरं, पण राज्य वाटून मोकळ्या झालेल्या म्हाताऱ्याची त्या घरातली ओळख आता तेवढीच उरली आहे, आणि ती त्याला पहिल्यांदा सांगतो तो हा कारभारी. पुढे चौथ्या अंकात रीगन त्याच्याकडचं गॉनेरिलचं खासगी पत्र उघडून बघायला मागते. मर्जी राखण्याचं आमिष दाखवते. तो पत्र देत नाही. शेवटी ग्लॉस्टरचा मुलगा एडगर याच्या सोट्याचा घाव बसून मरताना त्याला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत: मला पुरा, आणि माझ्याजवळची पत्रं एडमंडला, म्हणजे एडगरच्याच भावाला, नेऊन द्या. डॉक्टर जॉन्सननं १७६५ च्या आपल्या आवृत्तीत याबद्दल टीप लिहिली आहे. इतक्या दुष्ट कामाच्या हस्तकाला शेक्सपिअरनं एवढी इमानदारी का द्यावी, हे कळत नाही असं तो म्हणतो. जॉन्सनला जे खटकलं त्यातच मला या जोडीचं मर्म दिसतं. दोघांपैकी एक बेइमान असता तर प्रश्नच नव्हता. दोघंही इमानदार आहेत म्हणून विचारावं लागतं, की इमान कुणाशी आणि कशासाठी?

हा प्रश्न माझ्या वर्गात पुस्तकातून आला नाही. एका वर्षी आम्ही पहिल्या अंकातला तो प्रसंग वाचत होतो. लिअर ऑस्वाल्डला मारतो, केंट त्याला तंगडी घालून पाडतो, आणि वर्ग नेहमीसारखा हसला. मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र हसला नाही. त्याचे वडील सालगडी होते. तो म्हणाला, "मॅडम, मालकानं सांगितलं पाव्हण्याला पाणी इचारू नको, तर नाही इचारायचं. पाव्हण्याला राग मालकाचा, अन् शिव्या गड्याला." मग त्यानंच दुसऱ्या अंकातल्या केंटच्या शिव्यांकडे बोट दाखवलं. केंट ऑस्वाल्डवर शिव्यांची जी लाखोली वाहतो तिच्यात उष्टं खाणारा आहे, तीन जोड कपड्यांचा आहे, शंभर पौंडांचा आहे, जाड्याभरड्या लोकरी मोज्यांचा आहे. त्यातल्या कितीतरी शिव्या गरिबीच्या आहेत, चाकरीच्या आहेत. "मॅडम, हा बी नोकरच झालाय ना आता?" मुलानं विचारलं. त्या दिवसानंतर मला केंट वेगळा दिसायला लागला. त्यानं कपडे बदलले, आवाज बदलला, पण जीभ सरदाराचीच राहिली. ऑस्वाल्ड केंटची निष्ठा उजळवतो हे गाइडानं सांगितलेलं असतं. तो केंटचा जन्मजात तोराही उघडा पाडतो हे त्या मुलानं सांगितलं. शेजारी उभं केलेलं पात्र दोन्ही बाजूंनी उजेड टाकतं, आणि तो उजेड नेहमी नायकाच्या सोयीचा असतो असं नाही.

ऑस्वाल्डला मी निर्दोष ठरवत नाही. आंधळा ग्लॉस्टर समोर दिसताच त्याच्या डोक्यावर लावलेलं बक्षीस आठवून तो हरखतो आणि तलवार उपसतो. हे मी त्या मुलाला दाखवलं. तो बराच वेळ पानाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "इथवर तो बाईचा होता. हितं स्वतःचा झाला." पाठ्यपुस्तकी भाषेत मला हे इतक्या थोडक्यात कधी मांडता आलं नसतं.

केंट आणि ऑस्वाल्ड ही जोडी इथेच संपली असती, तर निष्ठा चांगल्या धन्याशी असावी, वाईट धन्याशी नसावी, एवढ्यावर भागलं असतं. पण शेक्सपिअरनं त्यांच्यामध्ये तिसरा माणूस आणला आहे. त्याला नाव नाही. संहितेत तो नुसता 'नोकर' आहे आणि त्याची वाक्यं बोटांवर मोजण्याएवढी. नाटकातला सर्वांत महत्त्वाचा माणूस कोण असं मला कुणी विचारलं, तर मी त्याच्याकडे बोट दाखवीन.

तिसऱ्या अंकाचा सातवा प्रवेश आम्ही एकदा तालमीसारखा उभा करून बघितला. विंदा करंदीकरांचा 'राजा लिअर' हाताशी होता, कारण वाक्य आपल्या भाषेत तोंडात बसल्याशिवाय ते मुलांच्या अंगात उतरत नाही. सेमिनार हॉलमधली बाकं बाजूला सारली आणि मधोमध एक लोखंडी खुर्ची ठेवली. ग्लॉस्टरनं लिअरला डोव्हरकडे पळून जायला मदत केली म्हणून कॉर्नवॉल आणि रीगन त्याच्याच घरात त्याला पकडतात. नोकरांना त्याचे वाळलेले हात खुर्चीला करकचून बांधायला सांगतात. रीगन त्याची दाढी उपटते. कॉर्नवॉल एक डोळा काढतो. आणि त्याच क्षणी कॉर्नवॉलचा एक नोकर पुढे येऊन धन्याला हात आवरायला सांगतो. त्याचं म्हणणं असं, की पोरवयापासून आपण धन्याची चाकरी करत आलो, पण आत्ता त्याला थांबवतोय यापेक्षा मोठी चाकरी आपल्या हातून कधी झाली नाही.

ही भूमिका करणाऱ्या मुलानं विचारलं, "बोलायच्या आधी मी कुठे असतो?" संहितेत याचं उत्तर नाही. आम्ही त्याला दाराशी उभं केलं, ते खोटं वाटलं. बाहेरून आलेला नायक वाटायला लागला. खुर्चीमागे उभं केलं, तेही जमेना. शेवटी तो स्वतःच म्हणाला, "हात बांधतात ते नोकर कोण? मीच बांधतो ना." त्यानं ओढणीनं ग्लॉस्टरचे हात खुर्चीला बांधले, गाठ मारली आणि तिथंच उभा राहिला. त्यामुळे सगळा प्रवेशच बदलला. आता हा दुष्टांच्या घरात चुकून आलेला सज्जन नव्हता. एक डोळा जाईपर्यंत तो ऑस्वाल्डच होता. हुकूम आला, त्यानं पाळला. गाठ त्याच्याच हातची होती. आणि मग एका क्षणी त्याचे हात पुढे चालेनात. ऑस्वाल्ड आणि तो यांच्यात फरक आहे तो या एका क्षणाचा. त्या क्षणापर्यंत दोघांना वेगळं काढायला कोणताही रकाना पुरा पडत नाही.

त्याचं पुढे जे होतं ते सांगताना माझा आवाज आजही स्थिर राहत नाही. तो कॉर्नवॉलवर तलवार चालवतो, त्याला जखमी करतो. एक साधा कुळवाडी असा उभा राहतो याचाच रीगनला धक्का बसतो. ती दुसऱ्याची तलवार हिसकावून त्याला पाठीमागून भोसकते. मरता मरता तो ग्लॉस्टरला धीर देतो, की अजून एक डोळा शाबूत आहे, त्यानं या माणसाची खोड मोडलेली बघा. आणि ते ऐकून कॉर्नवॉल दुसराही डोळा काढतो. माणुसकीचा शब्दच क्रौर्याला पुढची वाट दाखवतो, इतकं निर्दय हे नाटक आहे. त्या नोकराला वाचवावं, निदान त्याचा शब्द फळाला आणावा, असा मोह कुठल्याही लेखकाला झाला असता.

आणि तरी त्याचा वार फुकट गेलेला नाही. मुलांकडून मी हा धागा शेवटपर्यंत काढून घेते. त्या जखमेनं कॉर्नवॉल मरतो. तो मेल्यामुळे रीगन विधवा होते आणि एडमंडशी लग्न करायला मोकळी होते. त्यामुळे गॉनेरिलचा मत्सर पेटतो, ती बहिणीला विष घालते आणि शेवटी स्वतःचा जीव घेते. कॉर्नवॉल कसा मेला हे सांगत आलेल्या माणसाकडूनच ऑल्बनीला ग्लॉस्टरच्या डोळ्यांचं कळतं आणि तो उघडपणे बाजू घेतो. लिअरची मुलगी फ्रान्सचं सैन्य घेऊन येते, ते सैन्य हरतं. केंट इतक्या निष्ठेनं राबतो, त्यातून राजाचं राज्य परत येत नाही. दुष्टांची फळी फुटायला सुरुवात होते ती एका निनावी नोकराच्या वारापासून.

या प्रवेशाचा शेवट कुठे करायचा यावर छापील प्रतींमध्येच मतभेद आहे. १६०८ च्या क्वार्टो प्रतीत कॉर्नवॉल गेल्यावर दोन नोकर मागे राहतात आणि ग्लॉस्टरच्या रक्ताळलेल्या तोंडाला लावायला जवसाचे तंतू आणि अंड्याचा पांढरा बलक आणायचं ठरवतात. १६२३ च्या फोलिओत हे बोलणं नाही. पीटर ब्रूकनं १९६२ मध्ये पॉल स्कोफील्डला लिअर करून जो गाजलेला प्रयोग केला, त्यातही त्यानं ही मलमपट्टी काढून टाकली. प्रेक्षकाला कुठलाच दिलासा मिळू नये म्हणून. ब्रूकचा हेतू मला समजतो, पण मी क्वार्टोच्या बाजूची आहे. तीन नोकरांनी तो अत्याचार पाहिला. एक तलवार घेऊन उठला आणि मेला. बाकीचे दोघं गप्प राहिले, पण धनी गेल्यावर त्यांचे हात औषधाकडे वळले. त्या दोघांना कापलं, तर पहिला जणू आकाशातून पडल्यासारखा एकटा पडतो, आणि ग्लॉस्टरच्या घरात कॉर्नवॉलशिवाय माणूसच नव्हता असं होतं.

म्हातारपणाची जोडी या नाटकात सर्वांना माहीत असते, म्हणून तिच्याबद्दल मी वर्गात कमी बोलते. लिअरला तीन मुली, ग्लॉस्टरला दोन मुलगे. एक खुशामतीला भुलतो, दुसरा बनावट पत्राला. एकाची बुद्धी जाते, दुसऱ्याचे डोळे. पण ही दोन दुःखं शेजारी ठेवायची कल्पना शेक्सपिअरची स्वतःची आहे, हे मी मुद्दाम सांगते. १६०५ मध्ये छापलेल्या 'किंग लेअर' या जुन्या नाटकात ग्लॉस्टर नाही. आंधळा बाप आणि त्याचे दोन मुलगे त्यानं सर फिलिप सिडनीच्या १५९० मध्ये छापलेल्या 'आर्केडिया'तून उचलले आणि लिअरच्या गोष्टीला जोडले. एकट्या लिअरची गोष्ट असती तर आपण म्हणालो असतो, तापट म्हातारा, स्वतःच्या हातानं केलं, भोगलं. ग्लॉस्टर तापट नाही. तो ढिला, गप्पिष्ट, थोडा चावट, ग्रहणांवर विश्वास ठेवणारा माणूस. स्वभाव इतका वेगळा आणि पडणं तसंच. मग एकाच्या स्वभावावर बोट ठेवून मोकळं होता येत नाही.

इथे शिरवाडकरांचं 'नटसम्राट' आठवल्याशिवाय राहत नाही. १९७० मध्ये ते रंगमंचावर आलं तेव्हापासून मराठी माणसाच्या मनातला लिअर म्हणजे अप्पासाहेब बेलवलकर. त्यात ग्लॉस्टर नाही आणि कॉर्डेलियाही नाही. शिरवाडकरांनी एकच म्हातारा ठेवला, त्याच्या शेजारी त्याची बायको कावेरी ठेवली आणि ते दुःख आपल्या घरातलं केलं. म्हणूनच ते इतकं खोल लागतं. पण शेजारी दुसरा म्हातारा नसल्यानं आपण अप्पांसाठी रडतो. माणसाच्या म्हातारपणासाठी, सत्तेच्या उतरणीसाठी नाही. २०१६ च्या चित्रपटात रामभाऊ हा जुना नट-मित्र आला. विक्रम गोखले आणि नाना पाटेकर हॉस्पिटलच्या खाटेजवळ समोरासमोर येतात तेव्हा मला वाटलं, मराठी लिअरला त्याचा ग्लॉस्टर उशिरानं का होईना भेटला. दोघंही नट, दोघंही म्हातारे. एकाला टाळ्या मिळाल्या, दुसऱ्याला त्या मिळायला हव्या होत्या तितक्या मिळाल्या नाहीत. त्या एका माणसामुळे बेलवलकरांचं मोठेपणही आणि त्यांचा अहंकारही जास्त स्पष्ट दिसतो.

मुलींबद्दल एवढंच, की परीकथेतल्यासारख्या दोन वाईट, एक चांगली अशी त्यांची मांडणी दिसते आणि वर्ग तिला लगेच भुलतो. मी मुलांना पहिल्या प्रवेशाचा शेवट वाचायला लावते. बाप स्वतःला कधी फारसा ओळखू शकलाच नाही, हे नाटकातलं लिअरबद्दलचं सर्वांत अचूक वाक्य रीगनच्या तोंडी आहे. आणि बापाचा हट्ट, बापाचा ताठपणा, एक शब्दही कमीजास्त न करण्याचा बाणा सगळ्यात जास्त उतरलाय तो धाकटीत. ज्या मुलीला तो हाकलतो ती त्याच्यासारखी आहे. एडगर आणि एडमंड यांच्यातही असाच धोका आहे. एडमंड खरा बोलका, जिवंत, वर्गाचा लाडका. एडगर सुरुवातीला इतका भोळा की मुलांना त्याची कीव येते. तो मोठा होतो तो आंधळ्या बापाचा हात धरून चालताना.

शेवटाबद्दल मात्र दरवर्षी वाद होतो, आणि तो मला हवाच असतो. नाटकातलं शेवटचं भाषण क्वार्टोत ऑल्बनीला दिलं आहे, फोलिओत एडगरला. मुलांचा कल बहुतेक एडगरकडे: त्यानं सोसलं, त्यानंच बोलावं. मी ऑल्बनीची बाजू लावून धरते. सुरुवातीच्या संवादात ज्याच्यात आणि कॉर्नवॉलमध्ये फरक करता येत नव्हता तो माणूस शेवटी उरला आहे, आणि हातात आलेलं राज्य तो दुसऱ्यांना देऊ करतो. त्याचा प्रवास एडगरइतका देखणा नाही. तो चाचरत, उशिरा शहाणा झाला. मला तो आपल्यातल्या बहुतेकांसारखा वाटतो, म्हणून त्यानं बोलावं असं वाटतं.

ऑल्बनी राज्य देऊ करतो ते एडगर आणि केंट या दोघांना. केंट नाकारतो. धन्याचं बोलावणं आलंय, आपल्याला लवकरच निघायचंय, असं तो म्हणतो. तोपर्यंत लिअर गेलेला असतो. त्याआधी केंटनं त्याला सांगायचा प्रयत्न केला होता, की तुमच्याकडे चाकरी करणारा तो केयस मीच. लिअरला ते धड कळलंच नाही. इतक्या वादळातून बरोबर चाललेल्या माणसाची ओळखसुद्धा पटली नाही. एका मुलीनं ट्युटोरियलमध्ये लिहिलं होतं, की केंट आणि ऑस्वाल्ड शेवटपर्यंत एकच काम करतात. एक मेलेल्या धन्यामागे निघतो, दुसरा मरतानाही धनिणीचं पत्र पोचवायला बघतो. मग तिनं तिन्ही नोकरांच्या मरणाची नोंद केली होती. ऑस्वाल्डनं पुरायला सांगितलं, एडगरनं त्याला निदान वाळूत ढकलून झाकायचं ठरवलं. केंट स्वतःहून निघून जातो. आणि ज्यानं ग्लॉस्टरचे डोळे वाचवायला तलवार उचलली, त्याला कॉर्नवॉलच्या हुकमानं उकिरड्यावर फेकलं जातं. तिच्या उत्तरात मधोमध रेघ नव्हती, रकाने नव्हते. मी तिला पूर्ण गुण दिले आणि ते उत्तर पुढच्या वर्षी वर्गात वाचून दाखवलं.